तुम्ही विचारलंत म्हणून: सुटीनंतर पुन्हा लिहायला कसं बसायचं?

जून लागला की हा प्रश्न येतोच. विचारणारे बहुतेक शिक्षक, घर सांभाळून लिहिणाऱ्या बायका, खानापूर-निपाणीकडचे शेती बघून कथा लिहिणारे. एप्रिल-मे पोराबाळांत गेला. आंबोली झाली, राजहंसगड झाला, गोकाकला जाऊन धबधब्याचा उन्हाळ्यातला कोरडा कडाही बघून झाला. आता अर्धी राहिलेली कथा उघडली की हात चालत नाही. काय करावं?

आधी एक हिशेब लक्षात घ्या. आपल्या बेळगाव भागात सुटी दोनदा संपते. कर्नाटकातल्या शाळा मेअखेरीस सुरू होतात, तर कोल्हापूर-पुण्याच्या १५ जूनच्या आसपास. म्हणजे आपली मुलं दप्तर घेऊन निघाली तरी नणंदेची, मावशीची मुलं अजून माजघरात लोळत असतात. मधला हा पंधरवडा पूर्ण कामाचा धरला की पहिल्याच आठवड्यात वेळापत्रक मोडतं आणि माणूस खचतो. तो अर्ध्या कामाचाच धरा. सकाळी घर उठण्याआधी चाळीस मिनिटं, बस्स. शेती असेल तर पेरणीचे दिवसही यातच येतात, ते वेगळे मोजा.

या चाळीस मिनिटांत पहिले तीन दिवस नवीन काही लिहू नका. शेवटची चार-पाच पानं मोठ्यानं वाचा. मनातल्या मनात वाचलं तर डोळा पुढे पळतो, वाक्याचा ठेका कानाला लागत नाही. मग शेवटचं एक पान हातानं जसंच्या तसं उतरून काढा. टंकलेखन करत असलात तरी हे वहीतच करा. उतरवताना आपण कुठे स्वल्पविराम देतो, वाक्य किती लांब नेतो, हे हाताला आठवतं. चौथ्या दिवशी दीडशे शब्द, आठवड्यानं अडीचशे. त्या अडीचशेवर निदान पंधरा दिवस थांबा.

हमखास होणारी चूक म्हणजे पहिल्या पानापासून दुरुस्ती सुरू करणं. दोन महिन्यांच्या खंडानंतर स्वतःचं लिखाण परकं वाटतं, आणि परक्याच्या चुका चटकन दिसतात. मग पहिली तीन पानं घासूनपुसून लख्ख होतात आणि कथा होती तिथेच राहते. दिसलेली चूक समासात फुलीनं दाखवा आणि पुढे चला.

दुसरी अडचण खास आपल्याकडची, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. सुटीत कान बदलतो. महिनाभर कोल्हापूरचे पाहुणे, मध्ये चार दिवस गोव्याची कोकणी, लग्नात हुबळीकडची कन्नड. मग पात्रं भलतंच बोलू लागतात. ‘येतोय’ म्हणायचं तर बेळगावातला माणूस ‘येऊलालो’ म्हणतो, कोल्हापूरचा ‘यायलोय’. एप्रिलपर्यंत ‘येऊलालो’ म्हणणारा तुमचा दुकानदार जूनमध्ये ‘यायलोय’ म्हणाला, तर इथला वाचक तिथेच अडखळतो. त्याचा तुमच्या कथेवरचा विश्वास जातो, आणि तो परत मिळवणं फार अवघड. म्हणून संवाद लिहिण्याआधी अर्धा तास गणपत गल्लीत भाजी घ्यायला जा. लिहून घेऊ नका, नुसतं ऐका. घरी आल्यावर जुन्या पानांवरचे त्या एकाच पात्राचे सगळे संवाद सलग वाचा आणि मगच नवा संवाद लिहा.

सुटीत पाहिलेल्या गोष्टींचं काय, असंही विचारतात. त्या लगेच चालू कथेत घालू नका. घातलेल्या लगेच कळतात, कारण कथा थांबते आणि सहल सुरू होते. मात्र टिपून आत्ताच ठेवा, पावसाळा संपेपर्यंत त्यातलं निम्मं विरतं. फोटोत आलेलं टिपायची गरज नाही. जांबोटीच्या रस्त्यावर करवंदं विकणारी बाई फोटोत असते. पण द्रोण कुठल्या पानाचा, काडी कशी टोचली होती, भाव मराठीत सांगून सुटे पैसे मोजताना ती कन्नडकडे वळली का, हे फोटोत नसतं. तेवढंच लिहा, एका प्रसंगाला पाच ओळी.

दिवाळी अंकाचं आमंत्रण आलं असेल तर मुदतीपासून मागे मोजा. तीन हजार शब्दांची कथा, रोज अडीचशे, म्हणजे बारा बैठका. मग आठ दिवस कथा बाजूला. हे आठ दिवस कापू नका, स्वतःच्या चुका दिसायला एवढं अंतर लागतंच. त्यानंतर पुनर्लेखनाच्या सहा बैठका. झाले सव्वीस दिवस. आजारपण, लग्नकार्य आणि वीज जाणं धरून पाच आठवडे. पाहुणे गेल्यावर १६ जूनला बसलात तर २० जुलैला कथा हातावेगळी होते. जुलैअखेरची मुदत गाठायला एवढं पुरतं.

पावसाची तयारीही आत्ताच करा. बेळगावच्या दमट हवेत कागद सर्द होतो आणि शाईपेनाची शाई फुटते. जुलै-ऑगस्टला बॉलपेन बरं. मजकूर जुन्या फॉन्टमध्ये असेल तर युनिकोडमध्ये बदलून घ्या, आणि बदलल्यावर रफार व जोडाक्षरं एकदा डोळ्यांखालून घाला. नेमकी तीच बिघडतात.

आणि पुढच्या एप्रिलसाठी एक काम. सुटीला निघताना प्रकरण पूर्ण करून उठू नका. चालू वाक्य अर्ध्यात सोडा आणि वहीत चिठ्ठी ठेवा. ‘कथा छान चाललीय, पुढे संघर्ष वाढवायचा’ असल्या चिठ्ठीचा जूनमध्ये काही उपयोग होत नाही. अशी लिहा: ‘म्हातारी दार उघडत नाही. कारण वाचकाला अजून सांगितलेलं नाही. आता शेजारीण डबा घेऊन येते. म्हातारी कडी काढते, साखळी काढत नाही. डबा फटीतून आत येत नाही.’