ताम्हिणी घाट, छतावरचा अँटेना आणि सोमवारची मीटिंग

कॅम्परव्हॅन घेतली तेव्हा सोसायटीत ज्यानं त्यानं एकच विचारलं, संडासाचं काय? त्याचं उत्तर आमच्याकडे तयार होतं. नेटचं काय, हे मात्र कुणी विचारलं नाही. नवरा आणि मी, दोघांचंही काम लॅपटॉपवर. सुट्टी न टाकता फिरायचं तर सोमवारी सकाळी साडेनऊला कॅमेरा सुरू करून हसतमुख बसणं आलं, मग मागे कोथरूडची खिडकी असो की मुळशीचं पाणी.

राज्य सरकारच्या २०२१च्या कारवाँ पर्यटन धोरणात अशा गाड्यांसाठी पार्कांची कल्पना आहे. आम्ही थांबतो ते बहुतेकदा कुणाच्या तरी शेताच्या बांधाला, मालकाला विचारून. तिथे वाय-फाय कुठून येणार? मग गाडीतच सोय केली. सिमकार्डवर चालणारा ४जी राउटर घरच्या विजेऐवजी गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडला. छतावर अँटेना बसवला, कारण पत्र्याच्या डब्यात बसलं की निम्मी रेंज पत्राच खातो. अँटेनाची वायर मुद्दाम आखूड ठेवली. लांब वायरीत सिग्नल वाटेतच जिरतो. राउटरमध्ये एका कंपनीचं कार्ड, माझ्या फोनमध्ये दुसऱ्या, नवऱ्याच्या फोनमध्ये तिसऱ्या. तिन्ही एकदम मेली असं घाटाखेरीज सहसा होत नाही.

तर या वेळी शनिवारी सकाळी निघालो. चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट. इथवर ५जी असं धावत होतं की नवऱ्यानं उगाच कसला तरी अपडेट डाउनलोड करून घेतला. पौड मागे पडलं आणि ५जीचं चिन्ह येऊ-जाऊ लागलं. आपल्याकडचं बरंचसं ५जी ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर चालतं. वेग भरपूर, पण पल्ला कमी आणि डोंगर आडवा आला की संपलंच. ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी त्या मानानं लांब जातात, झाडीतूनही बऱ्या शिरतात. म्हणून पौडच्या पुढे मी फोनचं ५जी बंदच करते. नाहीतर तो बिचारा दर मिनिटाला ५जी शोधत राहतो आणि बॅटरी जाते ती वेगळीच.

मुळशी धरणाच्या काठी दुपारी पोचलो तर चारही काड्या भरलेल्या, आणि नेट ठप्प. मेसेजवर नुसतं घड्याळ. रस्त्याकडेच्या टपरीवरच्या मावशी म्हणाल्या, "ताई, शनवार-रविवार हे असंच. सगळं पुणं इथं येऊन फोटो टाकतंय. सांजच्याला गाड्या परतल्या की बघा." आणि खरंच, अंधार पडल्यावर त्याच जागी व्हिडिओ कॉल लागला. काड्या फक्त टॉवर ऐकू येतोय एवढंच सांगतात. त्या टॉवरवर किती जण लटकलेत ते त्यांना कुठलं ठाऊक? शिवाय किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या, हे प्रत्येक फोनवाला आपल्या मनानं ठरवतो. त्यापेक्षा सेटिंगमध्ये सिमच्या माहितीखाली डीबीएमचा, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचा आकडा असतो, तो बघावा. तो उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका बरा. उणे ८५च्या आसपास असेल तर निवांत, उणे ११५ म्हणजे मीटिंगची आशा सोडायची.

जागा शोधायची माझी पद्धत आता ठरलेली आहे. निघण्याआधी सरकारच्या तरंग संचार पोर्टलवर त्या भागातले टॉवर बघायचे. ते पोर्टल आहे टॉवरच्या किरणोत्सर्गाची माहिती द्यायला, पण कुठल्या अंगाला टॉवर आहेत तेही तिथे कळतं. आणि गावात पोचल्यावर पोरं कुठल्या कट्ट्यावर मान खाली घालून बसलीत ते बघायचं. या दुसऱ्या पद्धतीनं मला आजवर कधी दगा दिलेला नाही.

रविवारी ताम्हिणी घाट. पाऊस असा की वायपर थकले. एका वळणावर तिन्ही कार्डं गेली आणि पुढची बरीच वळणं गेलेलीच राहिली. सह्याद्रीचा उभा कडा मध्ये असला की लहर कितीही कमी मेगाहर्ट्झची असो, सरळ आरपार जात नाही. पाऊस आला की रेंज जाते असं सगळे म्हणतात, पण मोबाईलच्या लहरींना पाऊस स्वतः फारसा अडवत नाही. पावसात गावची वीज जाते. टॉवर काही तास बॅटरीवर तग धरतो, मग डिझेल असेल तर जनरेटर, नसेल तर राम राम. म्हणून पावसाळ्यात मी रेंजच्या आधी विचारते, "लाईट कधीपासून नाहीये?"

रात्री घाटातच थांबावं असं नवऱ्याला फार वाटत होतं. मी ऐकलं नाही. सोमवारची मीटिंग होती. उतरून निजामपूरच्या पुढे माणगावच्या अलीकडे गाडी लावली. जागा अगदीच रुक्ष, समोर पत्र्याची शेड, पण आकडा उणे ८२. मीटिंग सुरळीत झाली. कॅमेरा तेवढा पहिल्या पाच मिनिटांनी बंद केला, कारण व्हिडिओला तासाला जीबीभर डेटा सहज लागतो आणि दिवसाला दोन जीबीच्या कार्डावर तो दुपारीच संपतो. पुढे उरतात ते ६४ केबीपीएस, म्हणजे गोगलगायीचा वेग.

"बूस्टर का लावत नाही?" असं ओळखीचे बरेच जण विचारतात. अमेरिकेत मोटरहोमवाले सर्रास लावतात, व्हिडिओत दिसतात. आपल्याकडे परवानगीशिवाय सिग्नल बूस्टर, म्हणजे रेंज वाढवून देणारं यंत्र, लावणं बेकायदा आहे, ऑनलाइन विकत मिळत असला तरी. कारणही पटण्यासारखं आहे. असलं यंत्र आसपासच्या टॉवरवर इतका गोंगाट करतं की बाकीच्यांचे कॉल तुटतात. नुसता अँटेना आणि राउटर यात ती भानगड नाही.

गोंगाटावरून आठवलं. पुण्याच्या उत्तरेला, नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही आकाशातल्या रेडिओ लहरी टिपणारी दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. ती ज्या लहरी ऐकते त्यांच्या अगदी जवळ आपल्या मोबाईलच्या लहरी येतात, त्यामुळे आवारात मोबाईलला बंदी. दूरच्या दीर्घिकेपुढे आपला फोन म्हणजे कानाशी वाजणारा ढोल. विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, ती लोकांना बघायला खुली असते. तेव्हा गेलो होतो, तर नवऱ्यानं गाडीतला राउटरही बंद केला. इतका आज्ञाधारक तो घरी नसतो.

पुढच्या खेपेला भोरवरून वरंधा घाटानं महाडला उतरायचंय. पावसाळ्यात तो घाट अनेकदा बंद ठेवतात, तेव्हा आधी ती चौकशी. नकाशावर नीरा-देवघर धरणाच्या पुढे टॉवर विरळ दिसतात. म्हणून मीटिंग भोरमध्येच उरकायची, फाइली आदल्या रात्री उतरवून ठेवायच्या, आणि ऑफिसला आधीच कळवायचं की दुपारी दोन ते पाच मी मिळणार नाही. आईलाही कळवायचं. फोन लागला नाही की ती सगळ्यांत आधी सासूबाईंना फोन करते, मग संध्याकाळी दोघींना वेगवेगळं समजवावं लागतं.