पिस्तूल आठवतच नव्हतं

रविवार, रात्रीचे साडेबारा

झोप येत नाही. कारण ताईला सांगितलं तर ती म्हणेल, तुला दुसरे उद्योग नाहीत. खरंच नाहीत.

ताईचा नातू दोन दिवस आमच्याकडे आहे. त्याच्या हातातला मोबाइल काढून घ्यायचा तर बदल्यात काहीतरी द्यायला हवं, म्हणून आज दुपारी 'ट्रेझर आयलंड' लावला. डिस्नेचा, १९५० चा, मी लहानपणी पाहिलेला. जेवणं झाली होती, पडदे ओढून घेतले, खारे शेंगदाणे घेऊन दोघं गादीवर लोळलो. मी आधीच फुशारकी मारून ठेवली होती की मला यातला शब्द न् शब्द पाठ आहे.

आणि शेवटी त्या एका पायाच्या चाच्याने, लाँग जॉन सिल्व्हरने, जिम नावाच्या त्या पोरावर पिस्तूल रोखलं.

मला हे आठवतच नव्हतं. अंधुकसुद्धा नाही. माझ्या डोक्यातल्या सिनेमात सिल्व्हर खजिना घेऊन होडीत बसतो, होडी वाळूत रुतते, जिम खाली उतरून ती ढकलतो आणि सिल्व्हर हात हलवत म्हणतो, "येतो रे पोरा, हिशोब पुढच्या खेपेला." हे वाक्य मी आयुष्यभर वापरलंय. भाजीवाल्याकडे, बँकेत, गाडी सुटताना. आज कळलं की असं वाक्यच त्या सिनेमात नाही. पिस्तूल आहे, वाक्य नाही.

वाक्य काकाचं होतं.

आम्ही भाड्याच्या व्हीसीआरवर पाहिला होता, मी बारा वर्षांची असताना. टीव्ही शेजारच्यांचा, व्हीसीआर एका रात्रीच्या बोलीवर, कॅसेट काकाने आणलेली. (कॅसेटही चोरटीच असणार. चाच्यांचा सिनेमा चोरून पाहिला, ठीकच आहे.) इंग्रजी आम्हा पोरांना कुणालाच येत नव्हतं. काका टीव्हीच्या बाजूला स्टुलावर बसून सगळ्यांचे आवाज काढून मराठीत सांगत होता. सिल्व्हरच्या खांद्यावरचा पोपट काकाच्या सिनेमात "आठ आणे! आठ आणे!" ओरडायचा. मूळ शब्द 'पीसेस ऑफ एट', म्हणजे आठ रेआलचं जुनं स्पॅनिश चांदीचं नाणं, हे मला कॉलेजात कळलं आणि तेव्हाही काकाचंच भाषांतर जास्त बरोबर वाटलं.

आज सबटायटल होती. धाकटे महाराज इंग्रजी शाळेतले, ते धडाधड वाचून मलाच समजावत होते. मी मध्येच म्हणायचे, आता बघ तो काय म्हणेल! आणि तो भलतंच काही म्हणायचा. तीनदा तसं झाल्यावर चिरंजीवांनी माझ्याकडे फार दयेने पाहिलं. "मावशीआजी, तू कुठला वेगळा पिक्चर पाहिलायस का?"

पाहिलाय खरा.

पिस्तुलाच्या आधीचंही मी विसरले होते. होडी आपोआप रुतत नाही. सुकाणू जिमच्या हातात असतं आणि तो मुद्दाम ती वाळूवर चढवतो. मग सिल्व्हर पिस्तूल काढतो, ढकल म्हणतो. पोरगा ढिम्म. सिल्व्हरच्या कपाळावर घाम, डोळे ते तसे गरगरीत, बोट घोड्यावर. आणि त्याला गोळी झाडता येत नाही. मग तो एका पायावर स्वतःच धडपडायला लागतो आणि ते बघवत नाही म्हणून जिम होडीला खांदा लावतो.

म्हणजे आधी रुतवली त्यानेच आणि ढकललीही त्यानेच.

"तो चोर आहे ना? मग ह्याने का ढकलली?" असं मला विचारण्यात आलं. मी म्हटलं, शेंगदाणे संपव आधी.

तेच, अजून

दिवा लावून पुन्हा बसलेय. हे उत्तर मला का देता आलं नाही, हे शोधायच्या निमित्ताने तासभर फोनवर भलतंच वाचत बसले.

डिस्नेचा हा पहिला सिनेमा ज्यात कार्टूनचा तुकडाही नाही, सगळी हाडामांसाची माणसं. तोही इंग्लंडमध्ये काढला, कारण युद्धानंतर तिथे सिनेमांनी कमावलेला पैसा देशाबाहेर न्यायला बंदी होती. पैसा तिथेच अडकला होता, तो तिथेच खर्च करायचा. जिम झालेला बॉबी ड्रिस्कॉल अमेरिकन, तिथे काम करायचा परवाना नाही, म्हणून कोर्टात खेचलं, दंड झाला. अपिलाला जी मुदत मिळाली तेवढ्यात दिग्दर्शकाने पोराचे प्रसंग घाईघाईने उरकले. त्याच्या तोंडावर ती घाई कुठेच दिसत नाही.

सिल्व्हर झालेला रॉबर्ट न्यूटन मूळचा डॉर्सेटचा. इंग्लंडच्या त्या नैर्ऋत्येकडच्या भागात 'र' भरडून बोलतात. त्याने तो आपल्या गावचा हेल आणखी ताणला आणि तेव्हापासून जगातले सगळे चाचे "आर्र्र" करतात. आमच्याकडे आज संध्याकाळपासून एक जण करतोय. मालवणी नटाने आयुष्यात एकदा दरोडेखोर रंगवावा आणि पुढे दुनियेतल्या यच्चयावत दरोडेखोरांनी मालवणीत बोलावं, तसलाच प्रकार.

आणखी एक सापडलं. १९७५ मध्ये डिस्नेने हा सिनेमा पुन्हा थिएटरात लावला तेव्हा लहान मुलांसाठी म्हणून हाणामारीचे काही तुकडे कापले होते. पुढे ते परत जोडले. हे वाचून मला इतका आनंद झाला की उठून पाणी प्यायले. म्हणजे आमच्या कॅसेटवर पिस्तूल नसेलच! काकाने काही लपवलं नसेल! मग ग्लास हातात धरून ओट्यापाशी उभी राहिले आणि लक्षात आलं, मी रात्री दीड वाजता कुणाची वकिली करतेय. पिस्तूल कापलं असतं तर उरलेल्या प्रसंगात काही राम उरला असता का? होतंच ते. काका मध्येच म्हणाला असणार, "रिकामं आहे गं ते, उगाच दाखवतोय." मला आता तसं ऐकूही येतंय. हेही मीच रचतेय की काय, कुणास ठाऊक.

काका घरातून गेला, त्याला सगळे पाटल्यांचं प्रकरण म्हणतात. मी म्हणत नाही. मला आठवते ती चप्पल.

पहाटेची साडेपाचची गाडी होती. त्याची डाव्या पायाची कोल्हापुरी मी आदल्या रात्री न्हाणीघरात बंबामागे सरकवून ठेवली होती. काका अंधारात ओटीवर उभा, एका पायात चप्पल, दुसरा पाय गार फरशीवर नको म्हणून पोटरीला टेकवलेला. खांद्याला पिशवी. दिवा लावायची सोय नाही, आई जागी झाली असती. तो वाकून वाकून चाचपडत होता, कण्हत नव्हता, काही बोलत नव्हता. पाच मिनिटं पाहिलं मी. मग जाऊन बंबामागून चप्पल काढली, राख झटकली आणि त्याच्या पायाशी ठेवली.

त्याने माझ्या डोक्यावर टपली मारली. पिशवीत काय होतं ते मला माहीत होतं का?

ह्याच्या पुढे आज लिहीत नाही.

सोमवार, दुपार

काल रात्रीचं वाचलं. केवढा तो आव! चप्पल लपवली, चप्पल दिली. बारा वर्षांच्या मुली ह्याहून पुष्कळ भयंकर गोष्टी करतात. परवा सावंतवाडीहून फोन आला नसता तर मी दुपारचा सिनेमा बघून छान झोपले असते.

सकाळी पोह्यांबरोबर प्रश्नोत्तरं झाली. खरे चाचे खजिना पुरायचे का? मी म्हटलं, फारसे नाहीत, हातात पडला की उडवून टाकायचे. पण कॅप्टन किडने पुरला होता खरा. हा किड आपल्या किनाऱ्यावर येऊन गेलेला, १६९७ मध्ये कारवारला थांबला होता. पुढच्या वर्षी केरळच्या बाजूला कापडाबिपडाने भरलेलं मोठं जहाज लुटलं आणि १६९९ मध्ये त्यातला काही ऐवज अमेरिकेत गार्डिनर्स बेटावर पुरला. सरकारने तो लगेच उकरूनही काढला. १७०१ मध्ये लंडनला फाशी. "म्हणजे आपलाच माल," धाकटे महाराज म्हणाले. मी म्हटलं, आणि आपल्या कान्होजी आंग्र्यांनाही ते लोक चाचाच म्हणायचे. हे मात्र त्याला पटलं नाही. सरखेल म्हणजे नेव्हीचा बॉस, असं शाळेत शिकवलंय म्हणे.

मग तो प्रश्न. "तो जिम झालेला मुलगा आता केवढा असेल?"

हेही मी रात्री वाचलं होतं आणि फोन पालथा ठेवला होता. आता लिहिलं नाही तर आणखी एक लपवलं असं होईल. बॉबी ड्रिस्कॉल १९६८ मध्ये गेला, एकतीस वर्षांचा. न्यूयॉर्कमधल्या एका ओसाड इमारतीत, तिथे खेळायला गेलेल्या पोरांना सापडला. ओळख पटली नाही, म्हणून हार्ट बेटावर बेवारसांच्या जागेत पुरला. दीड-एक वर्षाने आईने शोध घेतला तेव्हा बोटांच्या ठशांवरून कळलं.

मी म्हटलं, "म्हातारा झाला असता रे आता." खोटं नाही बोलले.

काकासारखंच बोलले.

पण एक गोष्ट मनापासून आवडली. हा सिनेमा ज्या कादंबरीवरून काढला, ती लिहायच्या आधी स्टीव्हन्सनने नकाशा काढला होता. १८८१, स्कॉटलंडात ब्रेमार, बाहेर पावसाची झड, सावत्र मुलगा घरात कंटाळलेला. त्याच्याबरोबर रंगवता रंगवता बेट झालं आणि बेटावरून गोष्ट. पुढे प्रकाशकाकडे पाठवलेला तो नकाशा हरवला. पुस्तकात जे जे लिहिलं होतं त्याबरहुकूम त्याने दुसरा काढला, वडिलांच्या ऑफिसात बसून, नीटनेटका. पण ते आपलं बेट कधीच वाटलं नाही, असं त्यानेच लिहून ठेवलंय.

आमच्या चिरंजीवांनी पोहे खाता खाता फर्मान काढलं, पुन्हा लाव, सबटायटल बंद, तू सांग.

लावला. पोपट "आठ आणे" ओरडला तेव्हा तो इतका हसला की शेंगदाणा नाकात जायचा बाकी राहिला. सफरचंदांच्या पिंपाशी मला काकाचे तिन्ही आवाज जमले. शेवटी पिस्तूल निघालं. तो माझ्याकडे बघत होता, पडद्याकडे नाही.

"रिकामं आहे ते," मी म्हटलं. "उगाच दाखवतोय."

"खोटं सांगतेस."

"हो."

"मग नीट सांग ना."

मी सिनेमा थांबवला. सिल्व्हर तसाच, हात पुढे करून. ताईचा फोन वाजत होता, सावंतवाडीला जायचं की नाही ते विचारायला असणार. तो तिसऱ्यांदा वाजेपर्यंत मी रिमोट हातात धरून बसले होते.