मेफ्लायची वही: या खेपेला कात जपून ठेवली

मेफ्लाय या कीटकाची पाण्यात वाढणारी पिल्लं म्हणजे निम्फं. ताम्हिणीजवळच्या ओढ्यातून आणलेल्या 11 निम्फांपैकी 4 पंखांपर्यंत पोचले. मागच्या खेपेला माझी चूक झाली होती. पंख आले म्हणजे वाढ संपली असं समजून दोन नमुने लगेच अल्कोहोलमध्ये टाकले, आणि ते निघाले सबइमागो, म्हणजे पंख आलेलं पण अजून एक कात बाकी असलेलं रूप. आजच्या कीटकांत पंख फुटल्यावरही पुन्हा एकदा कात टाकणारा मेफ्लाय हा एकच गट. जात ठरवताना बहुतेकदा इमागो, म्हणजे शेवटची कात टाकून पूर्ण वाढलेल्या, नराचं जननांग बघावं लागतं. त्यामुळे ते दोन नमुने कुळाच्या पुढे सरकलेच नाहीत.

आता निवड ओढ्यावरच करते. गोटा पांढऱ्या ताटात धुवायचा आणि भिंगातून पाठीवरच्या पंखपिशव्या बघायच्या. फिकट असतील तर निम्फ परत पाण्यात. कोळशासारख्या काळ्या असतील तर एक-दोन दिवसांत पंख येणार. लांबी मोजून टप्पा ठरवणं मी सोडून दिलंय. आपल्या उबदार पाण्यात वर्षभर पिढ्या एकमेकींत मिसळतात, एकाच गोट्याखाली सगळ्या मापांची निम्फं मिळतात. कातींची संख्याही ठरलेली नाही. जातीनुसार साधारण 10 ते 50. म्हणून वहीत चारच रकाने: पिशवी नाही, पिशवी दिसू लागली, पिशवी लांबली, पिशवी काळी.

मंगळवारी संध्याकाळी हेप्टाजेनिडी कुळातला एक नर जाळीवर चढून बसला. पंख धुरकट, कडेला बारीक केसांची झालर. बुधवारी रात्री पाठ उकलली आणि पंखसुद्धा आपल्या सालीतून हळूहळू बाहेर सरकले! जाळीवर पांढरी, श्वासानेही हलणारी कात उरली. शेजारी तोच कीटक, पण पंख काचेसारखे, पुढचे पाय लांब. निम्फ असताना शेपटीचे तीन धागे होते, आता दोन. मी किती वेळ तशीच बसून होते कोण जाणे.

निम्फाची कात, सबइमागोची कात आणि इमागो, तिन्ही एकाच कुपीत, 80 टक्के अल्कोहोलमध्ये, एकाच क्रमांकाखाली ठेवलंय. पाण्यातलं रूप आणि हवेतलं रूप एकाच जातीचं, हे सांगणारा पुरावा आता हातात आहे. ज्यांच्याकडे निम्फं वाढताहेत त्यांनी निदान काती तरी फेकू नका.

पुढची पाळी केनिस या दुसऱ्या मेफ्लायची. त्यांचा सबइमागो काही मिनिटांतच कात टाकतो, म्हणजे रात्री जाळीपासून हलायचं नाही.