पेरणी आणि प्रवेश एकाच महिन्यात

जून, मृगाचा आठवडा

दहावीचा निकाल हाती आला की घराघरांत ‘आता पुढं काय’ सुरू होतं. खरं तर उत्तर बरंच आधी ठरलेलं असतं. ‘शिक, नाई तं वावरातच राबशीन’ हे वाक्य सहावी-सातवीपासून रोज कानावर पडतं, त्यातूनच ते ठरतं. मायबाप बोलतात ते मायेनंच. पडलेला भाव, कापसावरची बोंडअळी, तुरीवरची मर, सगळं भोगून बोलतात. पोराला मात्र एवढंच कळतं, की शेती ही शिक्षा आहे आणि खुर्चीवरचं कोणतंही काम चांगलं. मग ज्या कामातलं त्याला लहानपणापासून कळतं, त्याच्या आसपासच्या वाटा तो न बघताच सोडतो. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची चार वर्षांची कृषी पदवी, पुसदजवळ वरूडचं दुग्धतंत्रज्ञान महाविद्यालय, नागपूरचं मत्स्यविज्ञान, माती परीक्षण, बियाणे प्रक्रिया, जिनिंगमधली (कापसातली सरकी काढायची) यंत्रं. कास्तकाराच्याच घरात यांचं नाव निघत नाही, हे फार खटकतं.

सल्ल्यापेक्षा काम दाखवलेलं बरं. आठवी-नववीच्या दिवाळीच्या सुट्टीत पोराला अर्धा दिवस मोटर वाइंडिंगच्या दुकानात बसवावं. रब्बीत दाब कमी-जास्त झाला की पंपांच्या मोटरी जळतात, दुकान भरलेलं असतं. मिस्त्री जळालेली कॉइल कापतो, जुने वेढे मोजून वहीत लिहितो, तारेची जाडी मायक्रोमीटरनं मोजतो, खाचांत कागद बसवतो, मग नवी तार भरतो. वेढे चुकले तर मोटर तापते आणि काम परत येतं. इथं गणित कुठं लागतं, ते पोराला न सांगता दिसतं. पुढच्या सुट्टीत पशुवैद्यकीय दवाखाना, त्यानंतर जिनिंग किंवा बँकेची शाखा. तिथल्या माणसाला चार गोष्टी विचारायच्या: सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय करता, इथवर यायला किती वर्षं आणि किती खर्च लागला, पहिल्या वर्षी हातात किती आलं, आणि हे काम सोडून जाणारे का सोडतात. शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही. खरी माहिती मात्र त्याच्याच उत्तरात असते.

हे बिघडतं ते बहुधा बापामुळे. प्रश्न तोच विचारतो, पोरगं मान खाली घालून उभं राहतं. किंवा नातेवाइकांतला सगळ्यात यशस्वी माणूस गाठला जातो. तो आपली पहिली पायरी विसरलेला असतो. दोन-तीन वर्षांपूर्वी त्याच वाटेनं गेलेलं गावातलं पोट्टं जास्त कामाचं. घरी आल्यावर ‘आवडलं का?’ असं विचारू नये, ‘बरं आहे’ यापलीकडं काही निघत नाही. ‘त्यातलं कोणतं काम तू रोज करशील आणि कोणतं अजिबात नाही?’ असं विचारावं.

शाखा निवडताना एक तपासायचंच. अकरावी विज्ञानात गणित सोडलं की अभियांत्रिकीची वाट जवळजवळ बंद होते, जीवशास्त्र सोडलं की नीटची. मन ठरलेलं नसेल तर दोन्ही ठेवावेत, फक्त अभ्यासाचा भार पेलेल का ते बघावं. कृषी पदवीला सीईटीचा कोणताही गट चालतो, गणिताचा किंवा जीवशास्त्राचा. आणि आयटीआय म्हणजे नापासांची जागा, हा समज आता तरी जावा. दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन किंवा फिटर ट्रेड झाला की पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, डिप्लोमानंतर अभियांत्रिकीच्याही थेट दुसऱ्या वर्षाला. वणी-चंद्रपूरच्या खाणपट्ट्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आता पैशाचं. कापसाचा चुकारा येतो दिवाळीनंतर, तूर निघते जानेवारीत, आणि फी लागते बियाणं-खतात घर रिकामं झालेलं असताना. मग पोराच्या आवडीपेक्षा त्या आठवड्यातला खिसा निर्णय घेतो आणि जवळचं, स्वस्तातलं, मिळेल ते कॉलेज पकडलं जातं. कापूस विकला त्याच दिवशी प्रवेशाची रक्कम पोराच्या नावानं वेगळी टाकावी. आधार जोडलेलं त्याचं खातं तसंही लागतंच, शिष्यवृत्ती त्यातच येते. शिष्यवृत्तीच्या भरवशावर मेस आणि खोलीचं भाडं धरू नये, ती उशिरा येते.

कागदांसाठी जून उजाडायची वाट बघू नये. जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच करावा. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आणि अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा लागतो. आजोबा शाळेत गेले नसतील तर कोतवाल बुकातली (गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या वहीतली) नोंद शोधावी लागते, आणि नक्कल मिळायला तहसीलच्या चकरा होतात. दाखल्यावर एक स्पेलिंग आणि आधारवर दुसरं, यातही बरेच अर्ज अडकतात.

पोरींच्या बाबतीत ‘दूर आहे’ एवढ्यावर विषय संपवतात. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून शासन भरतं. मात्र प्रवेश केंद्रीय फेरीतून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नको. मग उरतो वसतिगृहाचा प्रश्न. तिथं आईनं स्वतः जाऊन जेवण, पाणी, फाटक बंद व्हायची वेळ बघून यावी. तेवढं झालं की बापाचा नकार बराच मऊ पडतो.

राहिली पोलीस भरती. बारावी झाली की पहाटेच्या ग्राउंडवर पोरांची गर्दी. मैदानी ५० गुणांची, त्यात पुरुषांच्या १६०० मीटरला २० गुण. लेखी १०० गुणांची. खुल्या गटाला वयाची अट २८, मागासवर्गीयांना ३३. म्हणून घरात ‘अजून वय आहे’ चालत राहतं आणि हाताला दुसरं कौशल्य लागत नाही. तयारी जरूर करू द्यावी. पण भरतीचे किती हंगाम द्यायचे, हे पोरासोबत बसून आधीच ठरवावं, आणि त्याच काळात आयटीआयचा ट्रेड सुरू ठेवावा. ग्राउंड पहाटेचं असतं, वर्कशॉप दिवसाचं.