यूव्ही ग्लास, सहावा प्रयत्न: गम नव्हे, ऊन नडत होतं

काल रात्री साडेअकराला वहिनींच्या सॅमसंग एस २२ अल्ट्रावर सहावी यूव्ही ग्लास बसली, म्हणजे द्रव गम ओतून यूव्ही (अतिनील) दिव्याने चिकटवायची स्क्रीनवरची काच. वहिनी जाग्याच होत्या. बोटं नव्याने नोंदवली, फोन बंद केला, त्यांनी अंगठा टेकवला आणि फोन उघडला. दहा वेळा करून पाहिलं, दहाही वेळा उघडला. मे महिन्यापासून मी या क्षणाची वाट बघत होतो.

मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं की यूव्ही ग्लासचा नाद सोडतो आणि टीपीयू फिल्म (मऊ प्लास्टिकचा पापुद्रा) मागवतो. तो बेत रद्द. ऑर्डर दिलीच नव्हती, ते बरं झालं.

आत्तापर्यंतचा हिशेब असा: पहिली आणि दुसरी काच मे-जूनमध्ये, दोन्ही फेल. तिसरी जुलैत, उत्तम बसली आणि ठाणे स्टेशनच्या जिन्यावर फोन पडला तेव्हा स्वतः फुटून डिस्प्ले वाचवून गेली. चौथी आणि पाचवी ऑक्टोबरात, पुन्हा फेल. दर वेळी दुखणं एकच. काच दिसायला स्वच्छ, कडा चिकटलेल्या, टच चालू, पण फिंगरप्रिंट लागत नाही. टॉर्च तिरका धरला की स्क्रीनखालच्या, बोट ओळखणाऱ्या सेन्सरच्या जरा वर मोहरीएवढा बबल दिसायचा, कधी दोन.

हा सेन्सर अल्ट्रासॉनिक आहे. तो बोटाचा फोटो काढत नाही, ध्वनिलहर पाठवून तिचा प्रतिध्वनी वाचतो. काच आणि गम यांतून लहर जाते, पण मध्ये हवेचा पापुद्रा आला की जवळपास सगळी तिथूनच परतते. म्हणून कडेलाच गम असलेल्या काचा या फोनला चालत नाहीत. ऑप्टिकल, म्हणजे बोटाचा फोटो काढणाऱ्या सेन्सरवाल्यांचं पुष्कळदा निभावतं, आपलं नाही. एस १० च्या वेळी, २०१९ च्या ऑक्टोबरात, काही सिलिकॉन कव्हरांवरून कुणाच्याही बोटाने फोन उघडायला लागले होते आणि सॅमसंगला सॉफ्टवेअर दुरुस्ती द्यावी लागली होती. सेन्सर आणि बोट यांच्यामध्ये काय आहे यावर इथे सगळं अवलंबून असतं.

मी मात्र चार महिने भलतीकडेच शोधत होतो. आधी धुळीवर संशय. घोडबंदर रोडला मेट्रोचं काम सुरू झाल्यापासून मानपाड्यात खिडकी उघडली की टेबलावर थर बसतो, त्यामुळे बाथरूममध्ये गरम पाणी सोडून वाफेत काम केलं. धूळ गेली, बबल राहिला. मग लेव्हलवर संशय. पाणसळ आणली, फोनखाली कागदाच्या घड्या घालून तो समतल केला. गम चारी बाजूंना सारखा पसरायला लागला (ही सवय आता सोडणार नाही), पण बबल होताच. मग गमवर. चौथी-पाचवी नव्या विक्रेत्याची होती, म्हणून त्यालाच दोष देत बसलो. त्याचा गम पातळ आहे आणि सोबतचा दिवा अगदीच मिणमिणता, हे माझं मत कायम आहे. पण पहिल्या दोन काचा दुसऱ्याच दुकानातल्या होत्या, हे मी विसरलो होतो.

वहिनी सहज म्हणाल्या, "भाऊजी, ती पावसातली छान बसली होती. पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबूया का?"

जुलैतली काच मी मुसळधार पावसात लावली होती. तेव्हा वाटलं, दमट हवेत धूळ उडत नाही म्हणून जमलं. पण त्या दिवशी आणखी एक गोष्ट वेगळी होती: अंधारून आलं होतं. बाकी चारही काचा मी रविवारी सकाळी गॅलरीच्या दारात बसून लावल्या होत्या, उजेड चांगला म्हणून. आमची गॅलरी पूर्वेला, खाडीच्या बाजूला. सकाळी नऊला ऊन थेट टेबलावर.

यूव्ही गम अतिनील किरणांनी घट्ट होतो आणि ते उन्हात भरपूर असतात. दार बंद असलं तरी खिडकीच्या साध्या काचेतून त्यातले बरेच आत येतात. मी मधोमध गम ओतून काच खाली सोडायचो, तो हळूहळू खालच्या टोकाकडे सरकायचा आणि सेन्सरपाशी पोचायच्या आधीच जागोजागी धरायला लागायचा. अडकलेल्या हवेला बाहेर पडायला वाटच उरत नव्हती.

खात्री करायला फुटक्या काचेच्या दोन तुकड्यांवर एकेक थेंब टाकला. एक गॅलरीच्या कठड्यावर, एक कपाटात. कठड्यावरचा दोन मिनिटांच्या आत जेलीसारखा झाला. कपाटातला अर्ध्या तासाने बोटाला तसाच ओला लागला. दिवसभर मी तो तुकडा सगळ्यांना दाखवत होतो.

म्हणून कालचं काम रात्री, पडदे ओढून, एलईडी टेबललॅम्पवर. पांढऱ्या एलईडीत अतिनील नसल्यातच जमा. इअरपीसची फट आणि बटणं पेपर टेपने बंद केली. गम पसरायला पूर्ण सात मिनिटं दिली, एकदाही दाबलं नाही. दिवा आधी काही सेकंदच मारून कडेचा ओघळ पुसला, मग प्रत्येक भागावर पूर्ण वेळ. फोनमधली टच सेन्सिटिव्हिटीची सेटिंग सुरू केली. एका कोपऱ्यात धुळीचा कण दिसतोय, तो राहू दे, त्याच्यासाठी ही काच उचलणार नाही.

दादाच्या फोनचा स्क्रीन वहिनींच्यासारखा कडेला वळलेला नाही, सपाट आहे, सेन्सरही ऑप्टिकल, त्याला साधी टेम्पर्ड पुरे. गोखले रोडच्या एका दुकानात त्याला "११डी" नावाची काच घ्या म्हणून सांगत होते. या डीच्या आकड्यांना कुठलंही प्रमाण नाही. काचांवर ९एच लिहितात ती पेन्सिलने चरे पाडून मोजलेली कठीणता. वाळूतलं क्वार्ट्झ काचेहून कठीण असतं, त्यामुळे ९एच लिहिलेल्या काचेवरही खिशातल्या रेतीने चरे पडतातच. पैसे द्यायचेच तर वरच्या ओलिओफोबिक (तेलकटपणा धरू न देणाऱ्या) थराला द्या, बोट कसं सरकतं ते पाहून.

हे लिहिताना सुचलं: रात्रीपर्यंत का थांबायचं? गणपतीच्या मखराचा पिवळा जिलेटिन पेपर उरलाय. तो दारावर लावला तर दिवसाही जमेल का? पिवळा रंग जांभळा-निळा उजेड अडवतो, अतिनील अडवतो की नाही ते थेंबच सांगेल. कागदाची दुहेरी घडी घालून तिच्याखाली एक थेंब आत्ताच कठड्यावर ठेवून आलो. पाच मिनिटं झाली, काडीने हलवला, अजून वाहतोय.