जुन्या रूपाची नवी गिटार विकताना

गेल्या आठवड्यात यामाहा एफजी 800 विकली. हातात घेणाऱ्याला ती आजोबांच्या काळातली वाटायची: टॉप, म्हणजे पुढची फळी, मधाच्या रंगाचा, लॅकरला बारीक तडे, कोपर टेकतं तिथलं पॉलिश उडालेलं. प्रत्यक्षात हे मॉडेलच 2016 साली बाजारात आलं. माझ्याकडे आली तेव्हा ती चकचकीत होती, एका मुलाकडून 11 हजाराला वापरलेली घेतली होती. जुनेपणा सगळा माझ्या हातचा. तसं एका कागदावर लिहून तो कागद मी साउंडहोलमधून, म्हणजे पुढच्या गोल भोकातून, दिसेल असा आत चिकटवला: मूळ मॉडेल कोणतं, काय काय बदललं, कोणत्या महिन्यात. कंपनीचं लेबल आणि सीरियल नंबर जागच्या जागी ठेवले.

हीच गिटार निवडली, कारण या किमतीत तिचा टॉप अख्ख्या स्प्रूस लाकडाचा आहे. प्लायच्या टॉपवर एवढी मेहनत करण्यात अर्थ नाही, वरचा पापुद्रा घासला की खाली दुसराच थर दिसतो. कंपनीचं पॉलियुरेथेन फिनिश मात्र जाड आणि चिवट. त्याला जुन्या गिटारीसारखे तडे सहसा जात नाहीत. म्हणून आधी ते उतरवावं लागलं. हीट गन लांबून, हळूहळू फिरवायची आणि पात्याने सोलत जायचं. ब्रिजच्या, म्हणजे टॉपवर तारा अडकवायच्या पट्टीच्या, आसपास मी गन नेलीच नाही. तिथला सरस सुटला तर गिटार कामातून गेली. तेवढा भाग पॉलिश पेपरने हातानेच काढला.

उघडा स्प्रूस पांढुरका असतो आणि उन्हात पिवळा पडत जातो. मार्चमधलं सकाळचं ऊन त्याला पुरतं. गच्चीत ठेवायची, ऊन डोक्यावर यायच्या आत घरात घ्यायची. मग चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून एक हात, आणि त्यावर आपल्याकडे फर्निचरवाले वापरतात तेच एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर, जमेल तितकं पातळ. हे लॅकर वाळलं की ठिसूळ होतं. गार हवेत ते झपाट्याने आकसतं, लाकूड तेवढं आकसत नाही, आणि तडा जातो. खऱ्या जुन्या गिटारींना हे असंच होत आलेलं आहे. मी पूर्ण वाळू दिल्यावर टॉप कोमट केला आणि कीबोर्ड साफ करायचा हवेचा डबा उलटा धरून गार फवारा मारला. टिच् असा आवाज आला आणि ब्रिजच्या कडेपासून एक रेघ लाकडाच्या रेषांना आडवी धावत गेली. मग दुसरी, तिसरी. त्यांत काळपट तपकिरी रंगाची पूड चोळली आणि वरून पुसून घेतली.

झीज कुठे दाखवायची यावर लोक विचारच करत नाहीत. कुठेही किल्ल्या आपटतात, कडा सगळीकडे सारख्या घासतात, आणि गिटार नाटकातल्या सामानासारखी दिसते. अमेरिकन गायक विली नेल्सनची मार्टिन एन-20 गिटार बघा. 1969 पासून तो ती वाजवतोय. ती नायलॉन तारांची, तिला ओरखड्यांपासून वाचवणारा पिकगार्ड नाही, आणि हा पिकने वाजवणारा. म्हणून तिच्या टॉपला नेमकं पिक लागतं तिथे भोक पडलंय. मी हाताला खडूची पूड लावून भरपूर वाजवत बसलो. पूड उमटली तिथेच पॉलिश पेपर लावला. नेकच्या मागे पहिल्या तीन फ्रेटपर्यंत (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), अंगठा फिरतो तेवढंच फिनिश उतरवलं.

आवाजासाठी केलेलं काम दिसत नाही, पण मला त्याचाच जास्त अभिमान आहे. ब्रिजवर तारा टेकतात ते प्लॅस्टिकचं सॅडल काढून हाडाचं घातलं. हाडाची पट्टी मिरजेच्या एका तंतुवाद्यवाल्यांकडून आणली आणि घरी कानशीने घासून बसवली. बाराव्या फ्रेटला जाड ई तारेची फ्रेटपासूनची उंची 2.8 मिमी होती, ती 2.2 वर आणली. एकाच बोटाने सगळ्या तारा दाबायचे बार कॉर्ड आता बोटं न दुखता लागतात.

विकायला काढल्यावर एका दुकानदाराने फिरवून फिरवून पाहिली. म्हणाला, "साहेब, आतला कागद तेवढा काढून टाका, बाकी आम्ही बघतो. चाळीस हजार कुठे गेले नाहीत." मी नाही म्हटलं. फेंडर या गिटार कंपनीने 1995 मध्ये मुद्दाम जुन्या दिसणाऱ्या रेलिक गिटारी काढल्या, त्या रेलिक म्हणूनच विकल्या. जुनं रूप आवडणं यात गैर काही नाही, मलाही ते मनापासून आवडतं. पण कागद काढला की घेणारा पैसे मोजतो ते चाळीस-पन्नास वर्षांचे, आणि ती वर्षं या लाकडावरून गेलेलीच नाहीत. लॅकर खरोखर जुनं असेल तर अतिनील टॉर्चखाली हिरवट-पिवळं चमकतं. माझं तसं चमकत नाही. कुणी जाणकाराने दिवा मारला तर त्या दुकानदाराचं काही बिघडणार नाही, फसलेला असेल तो शेवटचा पोरगा.

शेवटी पिंपरीचा एक मुलगा आला. कॅफेत वाजवतो. आधी अर्धा तास वाजवली, मग मोबाइलचा टॉर्च लावून कागद वाचला. विचारलं, "दादा, उद्या मला विकायची झाली तर?" म्हटलं, "कागदासकट विक. त्यात तू काही बदललंस तर खाली तुझ्या हाताने लिही." 24 हजारांत व्यवहार झाला. लॅकर उडालेल्या जागी पावसाळ्यात ओल धरते, म्हणून मेणाची एक डबी सोबत दिली आणि केसमध्ये सिलिका जेल ठेवायला सांगितलं. दसऱ्यानंतर अ‍ॅक्शन, म्हणजे तारांची उंची, बघायला आणणार आहे. त्याचे पैसे घेणार नाही हे आधीच सांगून ठेवलंय.