कपाळावरची रेघ

गुरुवार, रात्री

ट्रस्टवाल्यांचा फोन आला. पुतळ्याचा चेहरा हुबेहूब उतरलाय, सगळ्यांना आवडला, फक्त कपाळावर ती रेघ दिसते. दुसरा करून द्या. चहा सांडला म्हणून दुसरा कप मागावा, तसं. अण्णांना सांगितलं तर ते नुसतं ‘हं’ म्हणाले. पैशांचं काय ते नंतर.

संध्याकाळपासून डोक्यात बर्निनी आहे, रोमचा तो शिल्पकार. बर्निनी आणि त्याचा तो जाडजूड कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचा धर्मगुरू, शिपिओने बोर्गेझे. साल १६३२, रोम. बर्निनी तेहतीस वर्षांचा, नाव झालेला, आणि ते नाव करून देण्यात याच कार्डिनलचा मोठा हात. अर्धपुतळा संपत आलेला, आणि संगमरवरात चीर उघडली. आडवी, कपाळभर. कुठेही जाऊ शकत होती, झग्यात, खांद्यात, मागच्या बाजूला. कपाळावरच यायची होती.

दगड आधी तपासला नव्हता का, असं विचारणारे भेटतातच. तपासतात की. हातोडीने हलके ठोके मारत जायचं. अखंड दगड खणकन वाजतो, आतून फुटलेला बद्द. मग पाण्याने भिजवून वाळू द्यायचा. वरचं पाणी उडून जातं, चिरेत मुरलेलं मागे राहतं आणि तेवढी काळसर रेघ दिसते. पण या परीक्षा अख्ख्या ठोकळ्याच्या. चीर आत मिटलेली असली, पृष्ठभागापर्यंत पोचलेलीच नसली, तर ठोकळा छान खणकन वाजतो आणि वाळतोही पांढराशुभ्र. डोंगराच्या पोटात दाबाखाली घडलेला दगड तो; चहूबाजूंचा भार उतरला की आतला ताण मोकळा होतो. आणि शिल्पकार दुसरं काय करतो? भारच उतरवतो. टोपीखाली सावली हवी म्हणून खोल जा, गाल सुटा दिसायला हवा म्हणून कॉलरच्या आत शिरा. दगड जितका पातळ, तितकी चीर उघडायला मोकळी.

वर टाकीचा मार. टोकदार टाकी काटकोनात बसली की खालचे कण चुरडतात आणि पांढरट डाग काही मिलिमीटर आत उतरतो. तो घासून जात नाही, झिलई चढली की उलट उठून दिसतो. म्हणून टाकी तिरकी धरायची, साधारण ४५ अंशांत, आणि शेवटचे काही मिलिमीटर दातेरी टाकी आणि कानशीवर सोडायचे. हे सगळं पाळलं तरी चीर निघायची ती निघतेच. मला हेच सांगायचं होतं फोनवर. सांगितलं नाही.

भरून काढता आली नसती का? मेण, राळ, संगमरवराची पूड, हा जुना मसाला, आता इपॉक्सी. झग्याच्या घडीत खपून जातं. कपाळावर नाही. राळ पिवळी पडते, मेण धूळ धरतं, इपॉक्सीही उन्हाने पिवळं होतं. आणि खरं कारण बर्निनीनेच पुढे पॅरिसमध्ये सांगितलेलं आहे, जरा वेगळ्या संदर्भात. कुणी केस, दाढी, ओठ, सगळं पांढरं माखून आला तर रोज बघणारेसुद्धा त्याला ओळखणार नाहीत. मग पांढऱ्या दगडात ओळख आणायची कशी? तर डोळ्याभोवतीचा काळपटपणा दाखवायला तिथला दगड प्रत्यक्षापेक्षा खोल कोरायचा. म्हणजे संगमरवरात रंग एकच, सावली. तिथे केसाएवढी चीर म्हणजे कुणीतरी कपाळावर पेन्सिल ओढल्यासारखीच. ट्रस्टवाले चुकीचं बोलत नाहीयेत. हेच तर जास्त लागतंय.

मग त्याने काय केलं, तर गुपचूप दुसरा ठोकळा घेतला आणि तोच पुतळा पुन्हा केला. अनावरणाच्या दिवशी कार्डिनलला आधी चिरेचा दाखवला. कार्डिनलने नाराजी लपवली म्हणे, मोठ्या माणसांना ते जमतं. मग दुसऱ्यावरचं कापड काढलं. नाटकं करायची आणि पडदे रंगवायची हौस होतीच त्याला.

बाल्दिनुच्चीने १६८२ मध्ये बर्निनीचं चरित्र छापलं, त्यात दुसऱ्या पुतळ्याला पंधरा रात्री लागल्या असं आहे. बर्निनीचा मुलगा दोमेनिको याचं पुस्तक १७१३चं, त्यात तीन दिवस! आणखी एखादं चरित्र निघतं तर पुतळा दुपारच्या जेवणाआधी झाला असता. हिशेब करून पाहिला. पुतळा पाऊण मीटरहून थोडा उंच, म्हणजे ठोकळा अर्ध्या टनाच्या वर धरायला हवा, त्यातलं निम्म्याहून जास्त वजन नुसतं उडवायचं. वळ्या मोकळ्या करायला दोरीचं गिरमिट, एकाने दोरी ओढायची, दुसऱ्याने टोक धरायचं, एकाशेजारी एक भोकं पाडून मधले पडदे तोडायचे. शेवटी कानशी, घासायचा प्युमिस दगड, झिलई. हाताखालच्यांनी ठोकळा उतरवून दिला असेल तर पंधरा रात्री पटतात. तीन दिवसांत हात सुजतात, पुतळा होत नाही.

पण मला छळतंय ते दिवसांचं गणित नाही. बर्निनी समोरच्याला गप्प बसवून ठेवत नसे. माणूस बोलताना, फिरताना बघायचा आणि भराभर रेखाटायचा. शिपिओनेचं असं एक रेखाटन न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत आहे. आणि दगडाला हात घातला की ती रेखाटनं बाजूला. का, तर मला स्वतःचीच नक्कल करायची नाही. १६६५ मध्ये फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचा अर्धपुतळा करताना तो हे बोलला, तिथे त्याच्या सोबतीला दिलेल्या शांतलूने रोजनिशीत टिपून ठेवलंय. कागदावरच्या चार रेघांची नक्कल नको म्हणणारा हा माणूस, आणि त्याच्यावर आख्ख्या संगमरवराची नक्कल करायची वेळ आली. मापं घेऊन. आधीचं नाक इथे होतं म्हणून आताचंही इथेच.

दोघांचे फोटो शेजारी लावून बसले. दोन्ही बोर्गेझे गॅलरीतच आहेत. टोपी तिरकी, ओठ उघडे, हा माणूस वाक्याच्या मध्यावर आहे. पहिल्यात झग्याचं एक बटण काजातून अर्धंच बाहेर आलंय, पोटाच्या ताणाने. दुसऱ्यात चूक एकही नाही, आणि चेहरा जरासा बसलाय. बोलून झाल्यावरचा चेहरा. असं मला दिसतं. आजच्या मनःस्थितीत दिसत असेल, तेही खरं.

आणि घाईला आणखी एक कारण असणार. फिनेल्ली. बर्निनीच्या ‘अपोलो आणि डाफ्नी’ या शिल्पातली ती कागदासारखी पातळ पानं कोरणारा जुलिआनो फिनेल्ली. श्रेय मिळेना म्हणून १६२९ मध्ये बर्निनीचा कारखाना सोडून गेला, आणि याच सुमाराला त्यानेही याच कार्डिनलचा अर्धपुतळा केला. तो आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. लेस, दाढी, एकेक केस वेगळा. रोममध्ये तो पुतळा असताना आपला चिरेचा कोण मिरवणार! फिनेल्लीबद्दल लिहायला बसले तर रात्र पुरायची नाही. पानं कोरणाऱ्यांचं काय होतं ते आपल्याला माहीतच आहे.

एक मात्र बरं. कार्डिनलने, किंवा त्याच्या घरच्यांनी, चिरेचा फोडून चुना भाजायला पाठवला नाही. ऑक्टोबर १६३३ मध्ये शिपिओने गेला, जेमतेम वर्ष मिळालं त्याला दोन्ही बघायला. आमच्या ट्रस्टवाल्यांना विचारायला हवं, रेघेचा परत नेऊ का म्हणून. हो म्हणाले तर मला हवाच आहे तो.

नंतर, १६५०च्या आसपास, पोप इनोसंट दहावा. तोही अर्धपुतळा, तिथेही दगड गेला, या खेपेला दाढी-हनुवटीत. पुन्हा दुसरा केला. ती जोडीही रोममध्येच, दोरिया पाम्फिली गॅलरीत. पन्नाशी गाठलेला बर्निनी, हाताशी युरोपातला उत्तम संगमरवर, ठोके मारून ऐकायला डझनभर माणसं, आणि तरी. त्याला कुणी विचारलं असेल का, दगड आधी तपासला नव्हता का?